बाइंडरची साक्ष

बाइंडरच्या टेबलावर सतरा पुस्तकांची एक चळत कायम असायची, आणि त्या सतरांपैकी एकाही पुस्तकाला गिऱ्हाईक नव्हतं. कुणी कधीकाळी बांधायला टाकून विसरलेलं, कुणाचं पैसे न दिल्यामुळे अडकून पडलेलं, असा तो सगळा बेवारस माल होता. रोज सकाळी बाइंडर ती पुस्तकं फडक्यानं पुसायचा, टेबलाच्या दर्शनी बाजूला रचायचा आणि वरच्या दोन-तीन पुस्तकांत चिठ्ठ्या खोचायचा. दुकानात कुणी पाऊल टाकलं की कपाळ पुसत म्हणायचा, "बघताय ना, श्वास घ्यायला फुरसत नाही. पण तुमचं काम मधे घुसवतो."

हा मंत्र त्याला त्याच्या उस्तादांनी दिला होता. शिवणीचा टाका शिकवायच्या आधी त्यांनी हेच शिकवलं होतं. "रिकामं टेबल दिसलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. पोटात कावळे ओरडत असले तरी चारचौघांत ढेकर द्यावी." बाइंडरनं तीस वर्षं हा मंत्र पाळला. इतका पाळला की पुढे पुढे गिऱ्हाईक नसलं तरी त्याच्या तोंडून ढेकर निघायला लागली.

दुकान कोर्टाच्या मागच्या बोळात होतं. पुढची खोली दुकान, मागची खोली घर, आणि मधे रेक्झिनच्या उरलेल्या तुकड्यांचा शिवलेला पडदा. निकालांचे मासिक अंक वर्षभर वकिलांकडे सुटे येत. वर्ष संपलं की ते सगळे बाइंडरकडे येत. तो त्यांच्या टाचण्या काढायचा, दाभणानं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं शिवायचा, कण्याला खळ लावून कापडाची पट्टी चढवायचा, पुठ्ठा, रेक्झिन आणि शेवटी सोनेरी अक्षरं. मग पुस्तक दाबाच्या शिकंज्यात आवळून रात्रभर ठेवायचं. कायद्याच्या कॉलेजचं अख्खं ग्रंथालय त्याच्या हाताखालून गेलेलं होतं. त्यातली एकही ओळ मात्र त्यानं वाचली नव्हती. त्याची शाळा सातवीत सुटली होती, आणि कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, "आतलं वकिलांनी वाचायचं. पुस्तक उभं राहील एवढं मी बघतो."

त्याच्या बायकोला सगळा बोळ बाइंडरीणबाई म्हणे. खळ शिजवणं तिच्याकडे होतं. गुठळी झाली तर शिवण फुगते, पातळ झाली तर कणा सुटतो, असली ती नाजूक बाब, आणि बाइंडरीणबाईच्या खळीत गुठळी झालेली कुणी पाहिली नव्हती. तिच्या बोलण्यातही नसायची. जे असेल ते एकदम तोंडावर.

या दोघांची एकुलती एक पोरगी. तिला सातव्या वर्षापासून बोळात वकीलीणबाई म्हणत, आणि ते कौतुकानं नव्हे. दूधवाल्यानं माप कमी घातलं की ही त्याच्याशी वाद घाली. आईनं शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभं केलं की ही कोपऱ्यातून विचारी, "किती वेळ? आणि कशाबद्दल, ते आधी सांग."

तिला दुकानात काम होतं पानं लावायचं. सुट्या अंकांची पानं मागंपुढं झालेली असायची, कोपरे फाटलेले असायचे, आकडे गेलेले असायचे. नऊ वर्षांची पोर जमिनीवर मांडी ठोकून बसायची आणि क्रम लावायची. आकडा नसला की वाक्य बघायचं. एका पानाच्या शेवटी 'सबब प्रतिवादीने' असं अर्धवट लटकत असेल, तर त्याचं शेपूट कुठल्या पानाच्या डोक्यावर आहे ते शोधायचं. शोधता शोधता ती वाचायला लागली. मग जेवताना विचारायला लागली, "बाबा, भिंत सामाईक असेल तर खिळा कुणी ठोकायचा?" बाइंडरला काय माहीत? तो म्हणायचा, "ज्याच्याकडे हातोडी असेल त्यानं." ती म्हणायची, "चूक. दोनशे बारा पानावर आहे."

तर ही पोरगी मोठी होऊन कायद्याच्या कॉलेजात गेली, यात बोळातल्या कुणाला नवल वाटलं नाही. बाइंडरला मात्र वाटलं. त्याच्या घराण्यात कॉलेजच्या फाटकातून आत जाणारं कुणी झालंच नव्हतं. तो स्वतः जायचा, पण डोक्यावर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन, मागच्या दारानं. प्रवेशाच्या यादीत पोरीचं नाव लागल्याचं कळलं त्या दिवशी तो मुद्दाम पुढच्या फाटकातून आत गेला, फळ्यावरचं नाव दोनदा वाचलं, आणि पुढच्याच फाटकातून बाहेर आला. काम काही नव्हतं. उगीच.

मग आला प्रवेशाचा फॉर्म.

"तू खाली सही करून ठेव," तो पोरीला म्हणाला, "बाकीचं मी भरतो. अक्षर माझं चांगलं आहे." ते खरंच होतं. पुस्तकाच्या कण्यावर लिहितो तसं ताठ, चौकोनी अक्षर. पोरगी आनंदात होती, तिनं सही ठोकली आणि मैत्रिणीला बातमी सांगायला पळाली. बाइंडरनं टेबल स्वच्छ पुसलं, हात धुतले आणि लिहायला बसला.

पालकाचा व्यवसाय? 'बाइंडिंग वर्क्स, मालक.' कामगार किती? त्यानं क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'तीन.' वार्षिक उत्पन्न? इथे त्याचा हात थांबला. खरा आकडा त्याला तोंडपाठ होता आणि तो फार लहान होता. त्याच्या डोळ्यांपुढे कॉलेजची कचेरी आली. कुणीतरी साहेब हा फॉर्म हातात धरील, आकडा बघील आणि म्हणेल, एवढ्याशा कमाईवाल्याची मुलगी? पाच-सहा महिन्यांत फी थकणार. नाव काढा. रिकामं टेबल दिसलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणारच की! बाइंडरनं सतरा पुस्तकांची चळत फॉर्मवर रचली. म्हणजे खऱ्या कमाईच्या चौपट आकडा लिहिला.

त्याच्याखाली आणखी एक प्रश्न होता. 'फी-सवलतीसाठी अर्ज करू इच्छिता काय?' त्यानं 'नाही' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, 'माहिती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द करण्यात येईल.' तेही त्यानं वाचलं. त्याला वाटलं, हे लबाड लोकांसाठी आहे.

हसू नका. ज्याच्या घरात आधी कुणी शिकलेलं असतं त्याला ठाऊक असतं की त्या एका कागदापुढे गरिबी झाकायची नसते, उघडी करायची असते. बाइंडरला हे कुणी सांगायचं? उस्तादांनी तर उलटंच सांगितलं होतं.

पहिल्या वर्षाची फी भरली ती कापायचं यंत्र विकून. ओतीव लोखंडाचं, हाताच्या चाकानं पातं खाली उतरणारं ते यंत्र उस्तादांकडून आलेलं होतं. ते गेल्यावर बाइंडर पुस्तकांच्या कडा कापायला पलीकडच्या छापखान्यात जायला लागला. विचारणाऱ्याला सांगायचा, "जागा अडत होती हो. काम इतकं वाढलंय." बाइंडरीणबाई पडद्याआडून खाकरायची. पोरगी वर्गात दुसरी आली. बाइंडरनं ती गोष्ट चाळीस गिऱ्हाइकांना सांगितली, त्यांतल्या काहींना दोनदा.

दुसऱ्या वर्षाच्या फीला विकायला घरात काही उरलं नव्हतं. शिकंजा विकला असता, पण मग धंदाच संपला असता. आणि अशात पोरगी कॉलेजातून धावत आली. "बाबा, निम्म्याहून जास्त मुलांना फी माफ आहे! कमाई एका मर्यादेच्या आत असली आणि मार्क चांगले असले की पूर्ण माफ. आपण तर त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहोत. आपल्याला कुणी सांगितलंच नाही!" तिनं स्वतः अर्ज केला. बाइंडर टेबलावरची चळत पुन्हा पुसायला लागला. त्याला वाटलं, जुना फॉर्म कोण उकरून काढतंय.

आठ दिवसांत नकार आला, उत्पन्न मर्यादेच्या वर म्हणून. पोरगी फीच्या खिडकीवर जाऊन भांडली. कॉलेजनं कुणा दुसऱ्याचं उत्पन्न आपल्या नावावर चढवलंय, हा गलथानपणा आहे, आपण प्राचार्यांकडे दाद मागू, असं बरंच काही बोलली. खिडकीवरच्या बाई शांतपणे उठल्या, कपाटातून एक फाइल आणली आणि उघडून तिच्यापुढे धरली. ताठ, चौकोनी अक्षर. आणि खाली तिची स्वतःची सही.

ती घरी आली तेव्हा बाइंडर खळ लावत होता. तिनं पिशवी ठेवली, जमिनीवर मांडी घातली आणि समोरच्या सुट्या अंकांची पानं लावायला लागली. बाइंडरला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चौपट का लिहिलंत, बाबा?"

बाइंडरनं कुंचा खळीत बुडवला आणि तसाच ठेवला. "तुला घेतलं नसतं त्यांनी."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? माहीत असतं ते."

पडदा बाजूला झाला आणि बाइंडरीणबाई आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "माहीत असतं म्हणे! अहो, तुमच्या त्या ढेकरीपायी माझ्या पोरीचं ताट गेलं. यंत्र गेलं, वर्षाची फी गेली, आणि ती माफ होती! तिच्या सहीखाली खोटं लिहिताना हात कसा धजावला?"

"सहीखाली नाही, सहीच्या वर," पोरगी म्हणाली. "आणि चूक माझीही आहे. न वाचता सही केली. कायदा शिकायला निघालेली मी."

आता प्रश्न असा होता की करायचं काय. गप्प बसलं तर फी भरायची होती, आणि ती भरणं शक्य नव्हतं. खरं सांगितलं तर बारीक अक्षरातलं ते वाक्य होतं. प्रवेशच रद्द झाला तर पोरीचं कायमचं नुकसान. बाइंडर आपल्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाकडे, एका म्हाताऱ्या वकिलाकडे, सल्ला विचारायला गेला. वकिलांनी सुपारी कातरावी इतक्या सहज सांगितलं, "लिहून द्या की फॉर्म दुसऱ्यानं भरला. शेजाऱ्यानं. तुम्हाला लिहिता येत नाही म्हणा. कोण तपासतंय?"

बाइंडर खुशीत घरी आला. त्याला ही युक्ती फार आवडली होती. अडाणी ठरायला त्याची काही हरकत नव्हती.

"नाही," पोरगी म्हणाली.

"अगं, पण मोठा वकील आहे तो!"

"असेल. ते अक्षर कॉलेजच्या प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर आहे, बाबा. तुम्हाला लिहिता येत नाही असं त्या ग्रंथालयात उभं राहून कोण म्हणणार?" मग ती जरा मऊ झाली. "आणि मला ते म्हणायचंही नाही. आपण जाऊ आणि झालं तसं सांगू. तुम्ही फक्त विचारलं त्याचं खरं उत्तर द्या. द्याल ना?"

"देईन की," बाइंडर म्हणाला. "त्यात काय आहे?"

सुनावणी ग्रंथालयातच ठेवली होती, कारण प्राचार्यबाईंच्या दालनात रंगकाम चाललं होतं. लांब टेबलामागे प्राचार्यबाई, एक प्राध्यापक आणि खिडकीवरच्या बाई बसल्या होत्या. ग्रंथपाल एका बाजूला आपल्या जागी होते. बाइंडर ठेवणीतला शर्ट घालून आला होता. खिशात सवयीनं पुठ्ठा कापायची सुरी होती, तीही त्यानं पुसून घेतली होती. चारी भिंतींना त्यानंच बांधलेली पुस्तकं छतापर्यंत उभी होती. ओळखीचे लोक भेटावेत तसं त्याला जरा हायसं वाटलं.

पोरीनं उभं राहून सांगितलं की वडिलांनी उत्पन्न खोटं लिहिलं, चौपट जास्त लिहिलं, आणि सही आपलीच आहे. प्राचार्यबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"जास्त लिहिलं? ते आम्ही कसं मानायचं? आता सवलत हवी म्हणून कमी सांगताय असंही असू शकतं." त्या बाइंडरकडे वळल्या. "तुमच्याकडे दिवसाला किती पुस्तकं बांधून होतात?"

आणि बाइंडरच्या तोंडून, तीस वर्षांच्या सवयीनं, सतरा पुस्तकांच्या चळतीसकट उत्तर निघालं. "वीस-पंचवीस सहज. श्वास घ्यायला फुरसत नसते."

पोरीनं डोळे मिटले. प्राध्यापकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बाइंडरला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं, आणि त्याचे कान तापले. बोललेलं परत कसं गिळायचं ते त्याला समजेना.

पोरीनं डोळे उघडले. "बाई, मी यांना काही प्रश्न विचारू का?"

"तुमच्याच वडिलांना?"

"हो. साक्षीदार म्हणून."

प्राचार्यबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "विचारा."

ती बापाच्या समोर येऊन उभी राहिली. तिची चर्या बदलली होती. घरात दोनशे बारा पान सांगताना ती अशी दिसायची. "तुम्ही पुस्तकाला रेक्झिन चढवलं की पुढे काय करता?"

"शिकंज्यात घालतो," बाइंडर म्हणाला. हे सोपं होतं.

"कशासाठी?"

"खळ वाळेपर्यंत दाब लागतो. नाहीतर पुठ्ठा वाकतो."

"किती वेळ ठेवता?"

"रात्रभर. घाई केली की वर्षात पुस्तक तोंड वासतं. मी कधी घाई केली नाही. विचारा ग्रंथपालसाहेबांना."

ग्रंथपालांनी मान डोलावली.

"रात्रभर. एकही पुस्तक त्याआधी काढत नाही?"

"नाही म्हणजे नाही!"

"तुमच्याकडे शिकंजे किती?"

बाइंडरला आता वाट कुठे चाललीय ते दिसलं. पण वाट त्यानंच बांधली होती. "एक."

"त्यात एका वेळी पुस्तकं किती मावतात?"

"सहा. जाडी असली तर पाच."

"मग दिवसाला पंचवीस कशी होतात?"

बाइंडर पोरीकडे बघत राहिला. गिऱ्हाइकांनी तीस वर्षं त्या चळतीवर विश्वास ठेवला, वकिलांनी ठेवला, आणि ही काल-परवापर्यंत मांडीवर झोपणारी पोर त्याला सात प्रश्नांत भिंतीला टेकवून उभी होती. त्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याच्या छातीत काहीतरी असं भरून आलं की त्याला हसूच फुटलं.

"होत नाहीत," तो म्हणाला. "सहा होतात. तीही काम असलं तर. पुष्कळ दिवशी दोनच असतात. टेबलावरची चळत शोभेची आहे, बाई. खोटी."

"एका पुस्तकाला कॉलेज यांना किती देतं ते ग्रंथपालांना माहीत आहे," पोरगी टेबलाकडे वळून म्हणाली. "वर्षभर एकही सुट्टी न घेता रोज सहा पुस्तकं धरली, तरी फॉर्मवरच्या आकड्याच्या निम्मीच कमाई होते. तिथवर पोचायला दोन शिकंजे लागतील. आमच्या खोलीत दुसरा मावत नाही."

प्राध्यापकांनी मघाचं लिहिलेलं खोडलं.

"ठीक," प्राचार्यबाई म्हणाल्या. "म्हणजे उत्पन्न खोटं. आणि हे तीन कामगार? तेही शोभेचेच?"

"नाही!" बाइंडर एकदम बोलला. आता त्याचा आवाज चढला. "ते खरं आहे. ते मी खोटं लिहिलेलं नाही."

पोरगी चमकली. हे तिनं विचारलं नव्हतं आणि तिला ठाऊकही नव्हतं. बाइंडर सरळ भिंतीकडे गेला. कण्यांवरून बोट फिरवत, सोनेरी अक्षरांतली वर्षं बघत तिसऱ्या कपाटाशी थांबला आणि एक जाड खंड ओढून काढला. टेबलावर आणून ठेवला. खिशातून सुरी काढली.

"अहो, अहो!" ग्रंथपाल खुर्चीतून उठले.

त्यानं आयुष्यात एकही धड पुस्तक फोडलं नव्हतं. सुरी कण्याच्या कडेला लावून त्यानं एकदा ग्रंथपालांकडे पाहिलं. मग त्यानं एका ओढीत रेक्झिन कापलं आणि कणा दारासारखा उघडला. आत, पुस्तकाच्या पाठीवर, कापडी पट्टीला चिकटलेली कागदाची एक अरुंद चिरफळी होती. तिच्यावर पेन्सिलीनं, ताठ चौकोनी अक्षरात, अकरा वर्षांपूर्वीची तारीख होती आणि तीन ओळी होत्या.

प्राचार्यबाईंनी वाकून वाचल्या. "शिवण, मी. खळ, ही. पानं, पोरगी." त्यांनी वर पाहिलं. "ही कोण?"

"ही... म्हणजे आमची ही," बाइंडर लाजला. "हिची आई. आम्ही तिघं कामगार. प्रत्येक पुस्तकात लिहितो मी. उस्तादांची पद्धत आहे, ज्यानं हात लावला त्याचं नाव आत पाहिजे. कुणाला दिसत नाही, पुस्तक फाटलं तरच दिसतं. पाहिजे तर दुसरं फोडून दाखवतो."

"नको!" ग्रंथपाल म्हणाले.

सगळे पोरीकडे बघायला लागले. सातव्या वर्षापासून कधी शब्दाला न अडलेली वकीलीणबाई त्या चिरफळीवर बोट ठेवून उभी होती. मग तिनं मान वर करून भिंतीकडे पाहिलं. एका कपाटाकडे, दुसऱ्या, तिसऱ्या. वर्षभर ती या खोलीत मागच्या बाकावर बसून अभ्यास करत होती, आणि काही मुलांच्या घरी वकील, न्यायाधीश आहेत म्हणून थोडी अंग चोरून बसत होती.

बापलेकींना बाहेर बाकावर बसवलं. पाऊण तास गेला. बाइंडर म्हणाला, "पुस्तक फोडायला नको होतं का गं?" ती म्हणाली, "गप्प बसा, बाबा," आणि त्याचा हात धरला. तिच्या तळव्याला घाम होता. बाइंडरला तेव्हा समजलं की तिथं सात प्रश्न विचारताना ती किती घाबरली होती.

दार उघडलं. प्राचार्यबाई स्वतः आल्या. "नियमाप्रमाणे खोट्या माहितीला प्रवेश रद्द. पण मी या खुर्चीत आल्यापासून खोटे आकडे पुष्कळ पाहिलेत आणि ते सगळे खालच्या बाजूला खोटे होते. वरच्या बाजूला खोटं लिहून पूर्ण फी भरणारे तुम्ही पहिलेच. यात तुम्ही कॉलेजला फसवलं की स्वतःला, यावर आत बराच वाद झाला. प्रवेश कायम राहील. या वर्षापासून फी माफ. गेल्या वर्षीची परत मिळणार नाही. पालकांना लेखी ताकीद जाईल. आणि तो खंड शनिवारपर्यंत बांधून पाहिजे, तुमच्या खर्चानं."

मग त्या पोरीकडे वळल्या. "तुमचा तिसरा प्रश्न दुसऱ्याच्या आधी यायला हवा होता. पण विचार कराल पुढच्या वेळी."

ताकीद आली तेव्हा दुसऱ्या कुणी फाडून चुलीत घातली असती. बाइंडरनं ती टेबलावर काचेखाली ठेवली. त्यासाठी जागा लागली म्हणून सतरा पुस्तकांची चळत उचलून माळ्यावर टाकली. आता कुणी गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "काय बाइंडर, टेबल रिकामं?" की तो म्हणायचा, "रिकामं आहे. बसा. हे वाचा आधी. माझ्या पोरीनं माझी उलटतपासणी घेतली. सात प्रश्नांत खलास केलं मला." बाइंडरीणबाई पडद्याआडून म्हणायची, "आता हीच ढेकर." पण ती खाकरत नसे. एकदा तर त्यानं सहाच प्रश्न सांगितले, तेव्हा आतून आवाज आला, "सात होते."

शनिवारचा खंड शुक्रवारी संध्याकाळी शिवून झाला. बाइंडरीणबाईनं खळ ताजी शिजवली होती. कण्यावर रेक्झिन चढवण्याआधी बाइंडरनं जुनी चिरफळी जपून बाजूला ठेवली, नवी घेतली, पेन्सिलीला टोक केलं आणि तारीख घातली. शिवण, मी. खळ, ही. मग जरा थांबून, कडेनं पोरीकडे बघत त्यानं तिसरी ओळ लिहिली. पानं, वकील.

पोरगी पानं लावत होती. ती उठली, खांद्यावरून वाकून वाचलं.

"बाबा. अजून चार वर्षं आहेत. पुन्हा खोटी माहिती?"

बाइंडरनं रबर घेतलं आणि शेवटचा शब्द खोडला. कागद फुंकून साफ केला. त्याच्या जागी सगळ्यात ताठ अक्षरात जे खरं होतं ते लिहिलं, मग मागून खळ लावली, चिरफळी पट्टीवर चिकटवली, वर रेक्झिन चढवलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. पुढची तीस-चाळीस वर्षं ते कुणाला दिसणार नव्हतं.

पानं, पोरगी. कायदा शिकते आहे.